आमच्या माळावर लांडगे परत आलेत, गावात दोन तट पडलेत. तुमच्याकडं काय करता?

माळावरचा गडी:
नमस्कार मंडळी. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या बाजूला. घरी ३५ मेंढरं आणि १२ शेळ्या, सगळं वडीलच बघतात, मी कंपनीत शिफ्टला. माझ्या लहानपणी माळावर लांडगा दिसणं नेहमीचंच होतं, मग मधली दहा-बारा वर्षं आमच्या शिवारात कुणाला दिसलाच नाही. आता पावसाळ्यापासून एक जोडी फिरतेय आणि मुरमाच्या जुन्या खड्ड्याच्या कडेला त्यांनी बीळ धरलंय, पिल्लं पण आहेत. मागच्या मंगळवारी दिवस मावळता मावळता वडील हौदापाशी वाकून पाणी सोडत होते, मान वर केली तर पंचवीस-तीस पावलांवर तो उभा, तोंडात कोकरू. पळाला नाही, वडिलांकडं बघत राहिला क्षणभर आणि मग हिवरांच्या आडानं निघून गेला. वडील काही बोलले नाहीत पण रात्री जेवले नाहीत.

गावात आता काही पोरं म्हणतायत बीळ दगडं टाकून बुजवू नाहीतर धूर करू. दुसरे म्हणतात देवाचं जनावर आहे, हात लावायचा नाही. त्यात २०२४ ला उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांनी लहान मुलं नेली त्या बातम्यांचे व्हिडिओ ग्रुपवर परत फिरतायत, त्यामुळं बायका पोरांना शाळेत एकटं सोडत नाहीत. मला लांडगा मारायचा नाही पण वडिलांना काय सांगू ते कळत नाही. ज्यांच्याकडं लांडगा कायम आहे त्यांनी सांगा.

वाड्यावरचं पोर:
दादा आम्ही धनगर, दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन निघतो ते पावसाच्या तोंडाला परत. लांडगा आमच्या पाचवीला पुजलेला. माझा आज्जा सांगायचा की तीन भाऊ होते, वाटणीत धाकट्याला काहीच दिलं नाही म्हणून तो रागानं रानात गेला आणि लांडगा झाला, आता येतो तो त्याचा वाटा न्यायला. म्हणून कोकरू गेलं की आज्जी दोन शिव्या घालायची आणि मग म्हणायची, नेला त्यानं त्याचा हिस्सा. ह्याचा अर्थ आम्ही बसून देतो असं नाही हां. रात्री मेंढरं वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत, चार कोपऱ्यांना माणसं घोंगडी टाकून, कुत्री बाहेर. ज्या रात्री पाऊस आणि वारा असतो त्या रात्री झोपायचं नाही, कारण कुत्र्याला वास लागत नाही आणि लांडगा बरोबर तीच रात्र धरतो. दिवसा चरताना कळपाच्या पुढं एक आणि मागं एक माणूस पाहिजेच, एकटा माणूस ३५ मेंढरांमागं असेल तर कोकरू जाणारच, त्यात तुमच्या वडिलांची काही चूक नाही.

पण खरं दुखणं सांगू का, लांडगा एक नेतो आणि जातो. मागच्या उन्हाळ्यात एका मोठ्या गावाशेजारी उतरलो होतो, पहाटे मोकाट कुत्र्यांची टोळी वाघर फाडून आत शिरली आणि अकरा मेंढरं फाडून टाकली, खाल्लं एक पण नाही. त्याचा एक रुपया मिळाला नाही, कारण कुत्रं वन्यप्राणी नाही. आणि चराईचं म्हणाल तर ज्या माळावर आमचा वाडा दोन महिने बसायचा तिथं आता प्लॉटिंगचे दगड, कुठं ऊस, कुठं तारेचं कुंपण. लांडगा गेला तर माळ राहील का? लोकांना तो पडीकच वाटतो.

रानवाटा:
मी काही वर्षं ह्याच पट्ट्यात वन्यजीवांच्या कामात होतो. बीळ बुजवायचं तर अजिबात नाही. एक तर लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमध्ये आहे, वाघाइतकंच संरक्षण, केस होते. दुसरं म्हणजे पिल्लं मेली तर जोडी तिथून हलून दुसऱ्या वस्तीजवळ जाईल, प्रश्न संपत नाही. पिल्लं थोडी मोठी झाली की ते आपोआप बीळ सोडतात, तोवर त्या बाजूला कळप नेऊ नका एवढंच.

भरपाईसाठी ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका, जागच्या जागी चारी बाजूंनी फोटो काढा, पायाचे ठसे दिसत असतील तर शेजारी काडेपेटी ठेवून फोटो. कोकरू उचलून नेलं असेल तर रक्त, लोकर, ओढत नेल्याची खूण, काही ना काही दाखवावं लागतं, तिथंच गाडं अडतं.

मुलांबद्दल भीती वाटणं साहजिक आहे, बहराइचचं खरंच घडलंय. पण आपल्या माळावर माणसाला लांडगा चावल्याचं बहुतेक वेळा पिसाळलेल्या जनावराकडून होतं. दिवसाढवळ्या गावात शिरलेला, लाळ गळणारा, समोर दिसेल त्याला चावत सुटलेला लांडगा दिसला तर लगेच फोन करा आणि ओरखडा जरी आला तरी साबणानं धुवून त्याच दिवशी रेबीजची इंजेक्शनं सुरू. लहान मुलांना अंधारात एकटं बाहेर पाठवू नका. देशभरात मिळून लांडगे साधारण ३,१०० असा अंदाज आहे, म्हणजे वाघाहून कमी, आणि पुण्याजवळ तर कुत्र्यांशी संकर झालेले लांडगे जनुकीय तपासणीत सापडलेत. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त केला तर मेंढरं, लांडगा आणि माणूस तिघांचंही भलं आहे.

सुनंदाताई:
सगळं पटतं पण माझं ऐका. माझ्या तीन शेळ्या गेल्या दोन वर्षांत. शेळी म्हणजे आमच्या बायकांचा स्वतःचा पैसा, पोरीची फी, दवाखाना, कुणाला हात पसरावा लागत नाही. पंचनाम्याला माणूस तिसऱ्या दिवशी आला, तोवर मेलेल्या शेळीपाशी राखण करत बसले होते मी, आणि पैसे आले आठ महिन्यांनी, ते पण भाकड शेळीच्या भावानं, माझी तर गाभण होती. आणि रविवारी शहरातून गाड्या येतात, बिळापासून हाकेच्या अंतरावर उभं राहून मोठाले कॅमेरे लावतात, आमच्या वावरातून गाडी घालतात. लांडगा त्यांना आवडतो आणि शेळी माझी जाते. मी विष घालणाऱ्यातली नाही, कधी घातलं नाही आणि घालू पण देणार नाही. पण "तुम्ही किती सहनशील" असं कुणी म्हटलं की डोकं उठतं.

परदेशी पाटील:
मी जर्मनीत ड्रेस्डेनला राहतो, मूळचा फलटणचा. इकडं लाउझित्स भागात शेवटचा लांडगा १९०४ ला मारला होता, मग २००० साली पोलंडकडून आलेल्या जोडीला सैन्याच्या सरावाच्या जागेत पिल्लं झाली आणि आता जर्मनीत २०० च्या वर टोळ्या आहेत. ज्यांच्याकडून मी लोकर घेतो ते मेंढपाळ म्हणाले, आमच्या पणजोबांनंतर कुणालाच लांडग्यासोबत कसं राहायचं ठाऊक नव्हतं. विजेचं जाळं, राखणीची कुत्री, सगळं नव्यानं शिकावं लागलं. सरकार पैसे देतं, पण कुंपण नियमाप्रमाणं असेल तरच. निषेध म्हणून शेतकरी रात्री शेकोट्या पेटवून उभे राहतात. २०२५ ला युरोपियन युनियननं संरक्षणाचा दर्जा एक पायरी खाली पण आणला. सुनंदाताई, तुमचा शब्दन् शब्द इकडच्या गावात ऐकलाय मी. फरक एवढाच की वाघर आणि आज्जाची गोष्ट तुमच्याकडं अजून शिल्लक आहे.

माळावरचा गडी:
सगळ्यांचे आभार, सुनंदाताई तुमचे पण. रविवारी ग्रामपंचायतीत बोललो, बीळ बुजवणार नाही असं पोरांनी कबूल केलं, पण त्या बदल्यात वावरात गाडी घालणाऱ्यांना अडवायचं असं ठरलं. भरपाईचं मागून बघतो, कोकराची फक्त लोकर सापडलीय. वाड्यावरच्या भावा, चुलत्याकडं जुनी वाघर पडून होती, काल वडिलांनी दिवसभर बसून तिची भोकं विणली. रात्री एकच्या सुमारास मुरमाच्या खड्ड्याकडून ओरडणं आलं, आधी एक लांब आणि मग पिल्लांचं चिरकं. मेंढरं सगळी एकदम उठून उभी राहिली. वडील बॅटरी घेऊन बाहेर गेले, वाघरीभोवती एक चक्कर मारली आणि तिथंच घोंगडी टाकली. मी म्हटलं आत या, थंडी आहे, तर म्हणाले, "पिल्लं चार तरी असतील रे."