मदत हवी आहे : गोष्ट ऐकायला हवी, वाचायला नको

मुलगी साडेसहा वर्षांची आहे. रात्री गोष्ट वाचून दाखवल्याशिवाय झोपत नाही, एखादं वाक्य गाळलं तर लगेच पकडते. पण "आता तू वाच" म्हटलं की पुस्तक मिटलंच. काना-मात्रा, वेलांट्या नीट येतात, गाडी अडते ती जोडाक्षरांपाशी. काल 'सूर्य'वर बोट ठेवून बराच वेळ बसली, मग चित्राकडे बघून बिनधास्त 'ऊन' म्हणाली! (हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.) मी रफार समजावायला गेले आणि तिथेच बिनसलं.

सध्या एक ओळ मी, एक ओळ ती, असं चाललंय. जेमतेम दोन पानं होतात. स्टिकरचं आमिषही दाखवून झालं, पण सगळं लक्ष स्टिकरवरच, म्हणून बंद केलं.

अडली की लगेच शब्द सांगून पुढे जावं, की तिला फोड करू द्यावी? आणि जोडाक्षरं कमी असूनही गोष्टीत दम असलेली पुस्तकं कशी निवडता? बिनजोडाक्षरांच्या पुस्तकांत बहुतेकदा 'कमल नमन कर'च्या पुढे काही घडतच नाही. "वाचून दाखवणं थांबव, आपोआप वाचेल" असा सल्ला घरातून मिळालाय. ते मात्र मी करणार नाही.