मदत हवी आहे: कोकमाच्या अर्कात जंतू नक्की कशाने मरतात?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करतेय, प्रकल्प रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालीवर आहे. अंगावर पित्त उठलं की आपल्याकडे आमसुलाचं पाणी लावतात. त्या सालीत काय दडलंय हे मला मनापासून शोधायचंय.

सुकवलेल्या सालीचे दोन अर्क केलेत, पाण्यातला आणि इथेनॉलमधला. (आमसुलं मुद्दाम घेतली नाहीत, मिठाने निकाल फसवा येतो.) पाण्याच्या अर्काने स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या प्लेटवर मोठा झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) येतो. पण सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर असतं, मग जंतू नुसत्या आंबटपणानेच मरत नसतील कशावरून? आंबटपणा घालवायला पीएच ७ वर आणला की लाल रंग जातो, म्हणजे अँथोसायनिनच (लाल रंगद्रव्यंच) बदलतात. तेवढ्याच आम्लतेचं सायट्रिक आम्ल कंट्रोल म्हणून (तुलनेसाठी) ठेवलं तर परीक्षकांना पटेल का? नुसता पीएच जुळवायचा की टायट्रेशन करून आम्लही मोजायचं?

इथेनॉलच्या अर्काचा झोन लहान येतो. सालीतलं गार्सिनॉल हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे प्लेटमधल्या आगरमध्ये नीट पसरत नसावं. म्हणून ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं किमान प्रमाण, काढावी असं मला वाटतं.

अँटिऑक्सिडंटसाठी डीपीपीएच चाचणी करतेय (डीपीपीएच या जांभळ्या द्रव्याचा रंग किती फिका पडतो ते मोजतात). तिचं रीडिंग ५१७ नॅनोमीटरला, आणि कोकमाचा लाल रंगही तिथेच प्रकाश शोषतो! डीपीपीएचशिवाय अर्काचा ब्लँक (नुसत्या अर्काचं रीडिंग) वजा करणं पुरेसं आहे का, की सोबत एफआरएपी ही दुसरी अँटिऑक्सिडंट चाचणीही करू?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मायक्रोप्लेट रीडर (एकदम अनेक नमुन्यांचं रीडिंग घेणारं यंत्र) वापरू देणारी प्रयोगशाळा माहीत असेल तर तेही सांगा.