जुना अनलॉक्ड आयफोन १३ घेऊ की कंपनीचा 'फुकट' फोन? (डॅलस, विद्यार्थिनी, बजेट ३०० डॉलर)

वरणभात_टेक्सास

नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये मास्टर्सला रिचर्डसनला आलेय, मूळची सांगलीची. येताना माझा दोन वर्षं जुना रेडमी घेऊन आले, तिकडे एकदम मस्त चालायचा. इथे सीनियरने टी-मोबाईलच्या नेटवर्कवर चालणारं एक प्रीपेड सिम लावून दिलं, १५ डॉलर महिना, रस्त्यावर नेट चालतं पण घरात शिरलं की रेंज गुल, बाथरूमच्या खिडकीत उभं राहिलं की एक दांडी येते आणि फोन लावायला गेलं की कट. परवा कॅम्पसवरच्या मेसमधल्या जॉबसाठी त्यांनी दोनदा फोन केला म्हणे, मला एकदाही वाजला नाही, शेवटी मेल आला की तुम्ही फोन उचलत नाही.

तर फोन बदलायचाय. मॉलमधल्या दुकानात गेलो तर तो पोरगा म्हणाला नवा आयफोन फ्री, फक्त अनलिमिटेड प्लॅन घ्या, टॅक्स धरून ८० च्या आसपास, ३६ महिने. माझ्या दोन रूममेट्सनी घेतला पण. दुसरीकडे वापरलेला अनलॉक्ड आयफोन १३ २६५ ला दिसतोय आणि पिक्सेल ७ १८० ला. बाबा म्हणतात जुनं घेऊ नकोस, जुना फोन म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. अजून एक, एज्युकेशन लोन इंडियातल्या बँकेचं आहे, ओटीपी सगळे तिकडच्या नंबरवर येतात, ते सिम पण फोनमध्ये हवंच. काय करू?

पेणचा_गणपती

अगं थांब, सही केली नाहीस ना अजून? मी न्यू जर्सीत १४ वर्षं आहे, हा फुकट प्रकार दर दिवाळीला नवीन आलेल्या पोरांना समजावतो, तुझ्या निमित्ताने इथे एकदाच लिहून ठेवतो.

फोन फुकट नसतो. ८०० चा फोन तुझ्या नावावर हप्त्यावर चढतो, दर महिन्याला २२ च्या आसपास हप्ता लागतो आणि तेवढीच रक्कम बिलातून वजा होते, त्याला बिल क्रेडिट म्हणतात. मध्येच प्लॅन सोडलास की क्रेडिट बंद, आणि उरलेला हप्ता एकदम भर म्हणतात. आता तुझा कोर्स दोन वर्षांचा, मग नोकरी कुठे लागेल, कोणत्या गावात कुठलं नेटवर्क चांगलं असेल, सगळंच अधांतरी आणि तू ३६ महिन्यांची बांधिलकी घेणार. प्लॅन ८० चा आणि प्रीपेड समज चांगलातला २५ चा धरला तरी महिन्याला ५५ चा फरक, ३६ महिन्यांत १९८०. ८०० च्या फुकट फोनसाठी १९८० डॉलर, झाला हिशेब. आणि तुझी इथली क्रेडिट हिस्टरी (उधारी वेळेवर फेडल्याची नोंद) कोरी असणार, तर वर डिपॉझिट पण मागू शकतात.

पण तुझ्यासाठी खरी गोची वेगळीच आहे, ती दुकानातला पोरगा सांगणार नाही. तो फोन लॉक असतो. लॉक म्हणजे फक्त 'दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही' एवढंच नाही, दुसऱ्या स्लॉटमध्ये तुझं इंडियाचं सिम टाकलंस तरी फोन घेत नाही, सरळ सिम नॉट सपोर्टेड म्हणतो. टी-मोबाईल, एटी अँड टी दोघांचाही नियम साधारण हाच, आधी फोनचे पूर्ण पैसे फेडा मग अनलॉक मागा. २०१४ साली ओबामांनी सही केलेला अनलॉकिंगचा कायदा आहे खरा, पण त्याने हप्ते चालू असताना कंपनीला फोन उघडून द्यायची सक्ती होत नाही. म्हणजे लोनचा ओटीपी बघायला तू रेडमी दुसऱ्या खिशात घेऊन फिरणार. रूममेट्सना विचार त्या काय करतात.

वरणभात_टेक्सास

विचारलं काका 😅 एक जण जुना फोन उशीखाली ठेवते ओटीपीसाठी. दुसरीला अजून गरजच पडली नाहीये.

दांडीवाला

मी टेलिकॉममध्येच आहे, अटलांटाला. तुझ्या बाथरूमच्या दांडीचं कारण सांगतो म्हणजे पुढचा फोन घेताना परत तीच चूक नको व्हायला.

टी-मोबाईलने २०१७ च्या लिलावात ६०० मेगाहर्ट्झचे पट्टे भरपूर घेतले, त्याला बँड ७१ म्हणतात. फ्रिक्वेन्सी जेवढी खालची तेवढी ती भिंतीतून आत शिरते, आणि शहराबाहेर लांबपर्यंत जाते. इंडियात विकल्या जाणाऱ्या रेडमी रियलमीत हा बँड सहसा नसतोच कारण तिकडे मोबाईलसाठी तो वापरात नाही. त्यामुळे रस्त्यावर वरच्या बँडवर तुझा फोन पळतो आणि घरात मुका होतो. कॉल लागत नाही ते वेगळंच दुखणं, इथे २०२२ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद केलं, एटी अँड टीने फेब्रुवारीत, टी-मोबाईलने जुलैपासून गुंडाळलं, व्हेरायझनने वर्षाअखेरीला. आता कॉल म्हणजे व्होल्टीच (४जी वरून जाणारा कॉल), आणि फोनमध्ये या कंपनीसाठी व्होल्टीची सेटिंग नसली की नेट चालतं पण आवाज नाही. एटी अँड टी तर आणखी कडक, त्यांची मान्य फोनची यादीच आहे, यादीत नसला तर चांगला धडधाकट फोन पण ते नेटवर्कवर घेत नाहीत.

म्हणून 'अनलॉक्ड' एवढा एक शब्द बघून फोन घेऊ नकोस. अनलॉक्ड म्हणजे कुलूप नाही, इतकंच. तो फोन कुठल्या देशासाठी बनलाय हे बघ. आयफोन १३ असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये मॉडेल नंबरवर बोट ठेव, ए२४८२ आला पाहिजे, तो अमेरिकेतला. ए२६३३ आला तर तो इंडिया युरोपकडचा, त्यात बँड ७१ नाही आणि तू परत बाथरूमच्या खिडकीत. ऑनलाइन 'इंटरनॅशनल व्हर्जन' असं लिहून १५-२० डॉलर स्वस्त विकतात ते हेच.

आणि प्लीज रेडमी फेकू नकोस, वायफाय कॉलिंगचा ऑप्शन आहे का बघ, चालला तर चालला, तोवर घरात काम भागेल.

सोनचाफा

बँड वगैरे ठीक आहे पण जुना फोन घेताना खरी भीती वेगळीच. माझी गोष्ट सांगते. गेल्या वर्षी एका फेसबुक ग्रुपवरून फोन घेतला, आपलाच मुलगा, कॉफी शॉपच्या पार्किंगमध्ये भेटलो, त्याला घाई, गाडी चालूच ठेवलेली. मी माझं सिम घातलं, फोन लागला, नेट चाललं, पैसे दिले. दोन महिने सोन्यासारखा चालला आणि एक दिवस सकाळी नो सर्व्हिस. कंपनीत विचारलं तर म्हणे या फोनचे हप्ते थकलेत, ब्लॅकलिस्ट केलाय. त्या मुलाने हप्त्यावरचा फोन मला विकला आणि नंतर हप्ते भरायचे बंद केले. नंबर बंद, प्रोफाइल गायब. २४० डॉलरचा पेपरवेट आहे माझ्या टेबलावर, अजून फेकवत नाही.

घेतला त्या दिवशी तो क्लीनच होता हो! म्हणजे आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळखनंबर) तपासूनही सुटका नाही, तरी तपासायचाच, *#०६# डायल करून नंबर येतो तो सीटीआयए या मोबाईल कंपन्यांच्या संघटनेच्या स्टोलन फोन चेकरवर फुकट बघता येतो. पण त्यापेक्षा रिटर्न मिळेल अशा ठिकाणाहून घे. बॅक मार्केट या वापरलेल्या फोनच्या साइटला ३० दिवसांत परत करता येतो आणि वर्षाची वॉरंटी असते, ॲमेझॉन रिन्यूडला ९० दिवस. २०-३० डॉलर जास्त जातात, जाऊ देत.

आयफोनच घेणार असशील तर त्याच अबाउटच्या पानावर खाली कॅरियर लॉक असं दिसतं, तिथे नो सिम रिस्ट्रिक्शन्स लिहिलेलं पाहिजे, विकणारा कितीही म्हणो अनलॉक्ड आहे अनलॉक्ड आहे. तिथेच पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी पण दिसते, स्क्रीन किंवा बॅटरी लोकल बदललेली असली तर अननोन पार्ट म्हणून येतं. आणि आधीच्या माणसाचं ॲपल अकाउंट निघालंय ना हे तुझ्या डोळ्यासमोर, 'घरी जाऊन काढतो' वर विश्वास नको.

चौघांचा_डबा

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून माझे दोन पैसे. आम्ही चौघं आहोत, ऑस्टिनला, घराचं लोन इथलंच, ग्रीन कार्ड झालंय, कुठे हलणार नाही. चार लाइनवर माणशी ४० च्या आसपास पडतात, जुने फोन देऊन नवे घेतले, तीन वर्षं कुठे जायचंच नाही तर बिल क्रेडिट आम्हाला खरोखर मिळालंच ना. त्यामुळे डील म्हणजे सरसकट फसवणूक असं नाही, ती एकट्या माणसाला आणि हलत्या माणसाला महाग पडते. या ताईला नको हे बरोबर.

आणि हो, एक प्रकार अजून चालतो, पाच अनोळखी विद्यार्थी मिळून फॅमिली प्लॅन काढतात एकाच्या नावावर. त्यात फोन हप्त्यावर घेऊ नकोस हात जोडून सांगतो. ज्याच्या नावावर अकाउंट त्याला नोकरी लागून तो गेला की बाकीचे चौघं बोंबलत बसतात.

हिशेबनीस

पिक्सेल ७ बद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. तो आला ऑक्टोबर २०२२ ला, सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२७ पर्यंत. म्हणजे २०२५ पासून मोजलं तर हातात दोन वर्षं. १८० भागिले दोन, वर्षाला ९०. आता नवा पिक्सेल ९ए घे, २०२५ मध्ये ४९९ ला आला, सात वर्षं अपडेट. वर्षाला ७१. म्हणजे नवा स्वस्त! अर्थात सात वर्षं तू तो वापरणार असशील तर, आणि ४९९ आज खिशात असतील तर, जे नाहीयेत असं बजेटवरून दिसतंय. पण पुढच्या वेळी जुना फोन बघताना किमतीला उरलेल्या वर्षांनी भागून बघ, डोळे उघडतात.

आयफोनवाले तारीख आधी सांगत नाहीत, अंदाज बांधावा लागतो. २०१८ चा एक्सएस आणि एक्सआर २०२५ मध्ये आयओएस २६ (आयफोनची सिस्टीम) ला गळले, म्हणजे सात वर्षं मिळाली. २०१९ चा ११ त्यात राहिला. त्या हिशेबाने २०२१ चा १३ साधारण २०२८ पर्यंत जायला हरकत नाही. २६५ मध्ये बॅटरीचे ८९ धर, ॲपलकडे १३ ची बॅटरी तेवढ्याला बदलतात. बॅटरी हेल्थ (नव्याच्या तुलनेत उरलेली ताकद) ८० टक्क्यांच्या आसपास आली असेल तर बदलावीच लागणार, म्हणून ७९ टक्क्यांचा फोन २४० ला घेऊन खूश होऊ नकोस, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

पिक्सेल ६ए स्वस्त दिसेल, नको घेऊस. बॅटरी तापायच्या तक्रारी आल्या म्हणून गूगलने जुलै २०२५ मध्ये अपडेट देऊन ४०० चार्ज सायकलनंतर बॅटरीची ताकदच कमी केलीय त्यात.

कोथरूडकर_बाई

आमच्याकडे हा कॉन्ट्रॅक्टचा प्रकारच नाही, फोन घ्या सिम घाला. तरी एक सांगते, माझी भाची शिकागोहून डिसेंबरात येताना तिचा आयफोन १४ मला देणार होती, आणून दिला तर सिम घालायला भोकच नाही! अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १४ पासून ट्रेच काढून टाकलाय म्हणे. मग माझं सिम ई-सिम (कार्ड नसलेलं, फोनच्या आतलंच सिम) करून घेतलं, झालं एकदाचं, पण दोन दिवस गेले आणि तेवढ्यात गॅसच्या बुकिंगचा मेसेज पण येईना. तुझं इंडियाचं सिम प्लास्टिकचंच आहे ना अजून? मग १३ च बरा. १४ घ्यायचा तर ई-सिम इथे असतानाच करून घ्यायला हवं होतं, आता तिकडून करायला गेलीस तर त्याच नंबरवर मेसेज ये-जा करावे लागतात, सिम चालू रेंजमध्ये नसलं तर सगळंच अडतं.

वरणभात_टेक्सास

बाई तुम्ही वाचवलंत, मी काल रात्री १४ च कार्टमध्ये टाकला होता, फक्त ३५ डॉलर जास्त म्हणून!

पेणचा_गणपती

इंडियाच्या सिमचं रोमिंग चालू आहे का तेही बघ. नाहीतर फोन शंभर टक्के बरोबर आणि ओटीपी तरीही नाही, मग आम्हाला शिव्या.

वरणभात_टेक्सास

अपडेट देते. मंगळवारी आयफोन १३ मागवला, २७८ ला पडला, रिटर्नवाल्या ठिकाणाहूनच. आज आला. मॉडेल ए२४८२, कॅरियर लॉकला नो सिम रिस्ट्रिक्शन्स, आयएमईआय क्लीन, बॅटरी ८६. मागच्या बाजूला एक बारीक ओरखडा आहे, कव्हरखाली गेला. इथलं सिम ई-सिम करून घेतलं ॲपवरून, दहा मिनिटं लागली, आणि ट्रेमध्ये इंडियाचं सिम. ते शोधायला अर्धा तास गेला कारण आईने निघताना हळदीकुंकवाच्या डबीत घालून दिलं होतं आणि मी ते विसरले, सिमला अजून कुंकू लागलेलं आहे, पुसून घातलं. रोमिंग बाबांनी तिकडून चालू करून घेतलं. लोनच्या ॲपमध्ये लॉगिन केलं, ओटीपी आला, चाळीस सेकंद लागले पण आला!

बेडरूममध्ये तीन दांड्या. मेसवाल्यांना मेल केलाय की आता फोन लागेल, अजून उत्तर नाही.

बाबांना ओरखडा दाखवला नाहीये.

सोनचाफा

बॅटरी ८६ छान आहे. तीस दिवस संपायच्या आत एकदा कॅमेरा, स्पीकर, दोन्ही माइक सगळं नीट वापरून बघ, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट करून ऐक. बॉक्स टाकू नकोस तोवर.

दांडीवाला

आणि रेडमी?

वरणभात_टेक्सास

स्वयंपाकघरात, वायफायवर. आत्ता कुकरसमोर उभा करून ठेवलाय, आईला शिट्ट्या मोजायला लावल्यात व्हिडिओ कॉलवर.