एका कामगाराला एकच साहेब: फायोल यांचा नियम आजही धरावा का?

चर्चाप्रवर्तक

वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आंरी फायोल यांची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. १९१६ साली ती मांडणारे फायोल प्राध्यापक नव्हते. १८८८ पासून तीस वर्षे त्यांनी डबघाईला आलेली एक फ्रेंच कोळसा-पोलाद कंपनी चालवली आणि सावरली. त्यांच्या तत्त्वांपैकी आदेशातील एकवाक्यता, म्हणजे कर्मचाऱ्याने एकाच वरिष्ठाकडून आदेश घ्यावेत हे तत्त्व, आज सर्वाधिक पायदळी तुडवले जाते असे माझे मत आहे.

भोसरीच्या एका कारखान्यात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. दोनशे शाफ्टच्या लॉटला क्वालिटीने ‘होल्ड’चा लाल टॅग लावला होता. प्रॉडक्शनचे इनचार्ज फोनवरून सांगत होते, ‘गाडी दारात उभी आहे, माल चढव.’ रात्रपाळीचा ऑपरेटर तासभर तसाच उभा राहिला, गाडी अर्धी रिकामी गेली आणि दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला तो त्याला. दोन्ही साहेबांना कोणी काही विचारले नाही.

निवृत्त गुणवत्ता निरीक्षक

आपले उदाहरण आपल्याच विरोधात जाते. केवळ प्रॉडक्शनचा शब्द चालला असता, तर तो माल ग्राहकाच्या दारात पोहोचून परत आला असता. अमेरिकी अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी १९०३ मध्येच एका फोरमनच्या जागी आठ फोरमन सुचवले होते, कारण यंत्राचा वेग, दुरुस्ती, तपासणी आणि शिस्त हे सारे एकाच माणसाला सारखेच कळते असे मानणे हा भाबडेपणा आहे.

शिवाय फायोल यांच्या स्वतःच्या रोजनिशीतला १८६१ सालचा घोडा आठवावा. खाणीच्या सहाव्या पातळीवर काम करणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. तरुण फायोल यांनी दुसरा घोडा मागवला, तेव्हा मागणीपत्रावर संचालकांची सही नाही म्हणून घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराने तो दिला नाही. संचालक बाहेर गेलेले होते. कितीही विनवण्या केल्या तरी मोतद्दार हलला नाही आणि त्या पातळीवरचे उत्पादन बुडाले. या मोतद्दाराला एकच साहेब होता, आणि त्याचा हुकूम त्याने तंतोतंत पाळला.

चर्चाप्रवर्तक

घोडा तुमचा, पण धडा तुम्ही वेगळाच काढलात. फायोल यांना त्यातून उमगले ते असे की अधिकाराची जागा क्षणभरही रिकामी राहू नये; संचालक नसतील तेव्हा त्यांच्या वतीने सही कोण करणार हे आधीच ठरलेले हवे. दोन साहेब नेमा, असे त्यांनी कुठेही म्हटले नाही. उलट टेलर यांच्याविषयी आदर राखूनही त्यांच्या आठ फोरमनच्या योजनेवर त्यांनी याच मुद्द्यावरून टीका केली. दोन खात्यांतील समपदस्थांनी प्रत्येक बाब वरपर्यंत नेऊन पुन्हा खाली आणण्याऐवजी आपापल्या वरिष्ठांच्या संमतीने आणि त्यांना कळवून थेट निर्णय घ्यावा, हा ‘पूल’ही त्यांचाच आहे. टीकाकार तो सोयीस्करपणे वगळतात.

असेंब्ली लाइनवरचा

टोयोटाच्या लाइनवर दोष दिसताच साधा कामगार दोरी ओढतो. टीम लीडर धावत येतो, आणि ठरावीक खुणेपर्यंत दोष निघाला नाही तर लाइन थांबते. त्याने कोणत्या साहेबाची परवानगी घेतली? तेव्हा साहेब किती असावेत यापेक्षा कोणत्या बाबतीत कोणाचा शब्द अखेरचा, हे आधी ठरवावे.

लघुउद्योजक

माझ्याकडे बारा माणसे आणि साहेब मी एकटाच, म्हणजे फायोल यांचा नियम शंभर टक्के पाळलेला. तरीही भाचीच्या लग्नासाठी सोलापूरला गेलो असताना कूलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, एक ड्रम घ्यायला माझी सही नाही म्हणून दोन मशीन दीड दिवस बंद राहिली. फोन केला असता तर मी लगेच होकार दिला असता, पण ‘लग्नघरात साहेबांना कशाला त्रास द्यायचा’ असा विचार माझ्या माणसांनी केला. त्या मोतद्दाराला मी आता नावे ठेवणार नाही.

चर्चाप्रवर्तक

दोरीचा मुद्दा मान्य आहे, पण तो माझ्या बाजूचाच आहे. ती केव्हा ओढायची आणि ओढल्यावर कोणी धावायचे, हे वरूनच आणि एकाच सुरात ठरवून दिलेले असते. भोसरीतही लाल टॅग काढण्याचा अधिकार फक्त क्वालिटीचा, एवढी एक ओळ दोन्ही खात्यांच्या सहीने लावली असती, तरी ऑपरेटर सुटला असता.

निवृत्त गुणवत्ता निरीक्षक

ती ओळ आमच्याकडे लिहिलेली होती आणि तिच्यावर दोन्ही सह्याही होत्या. टॅग लावण्याचा आणि काढण्याचा अधिकार माझा होता. माझी वार्षिक पगारवाढ मात्र प्रॉडक्शनचे प्रमुख ठरवत. आपल्या भाषेत सांगायचे तर मलाही एकच साहेब होता. त्या सहा वर्षांत महिनाअखेरीला मी किती टॅग लावले, हे कृपया विचारू नये.