गाईड स्कोप ३० मिमी घ्यावा की ५० मिमी? आलेख सपाट, तारे मात्र लांबुळके

राम राम मंडळी. परतवाड्याच्या पुढं, मेळघाटाच्या पायथ्याशी आमचं वावर आहे. आकाशाचे फोटो काढायला अंधार भरपूर, अनुभव कमी.

सामान असं: ८० मिमीची ईडी (रंगदोष कमी करणाऱ्या काचेची) दुर्बीण, फोकल लेंथ ६०० मिमी. ईक्यू५ गो-टू माऊंट (आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणारा मोटरचा स्टँड), कॅननचा ७००डी कॅमेरा. गाईडिंगला (एका ताऱ्यावर नजर ठेवून माऊंटची चूक सुधारत राहायला) ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, आणि गाईड स्कोप, म्हणजे त्या कॅमेऱ्याची वेगळी दुर्बीण, म्हणून ओळखीतून आणलेली जुनी ७०/४०० (७० मिमी, फोकल लेंथ ४००) दुर्बीण, तीन-तीन स्क्रूंच्या रिंगांत अडकवलेली.

गेल्या अमावास्येला मृगातला तेजोमेघ घेतला. तीन-तीन मिनिटांच्या बारा फ्रेम. पीएचडी टू या गाईडिंगच्या सॉफ्टवेअरचा, चूक दाखवणारा आलेख रात्रभर छान, सव्वा आर्कसेकंदाच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आत. तरी प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा! पहिली आणि बारावी फ्रेम एकमेकींवर ठेवून पाहिली, तर अख्खं चित्र एकाच दिशेनं ४० पिक्सेल सरकलेलं.

ध्रुवतारा इथं जेमतेम २१ अंशांवर, त्यात धुऱ्यावरचं कडुनिंब बरोबर आडवं येतं. त्यामुळं पोलर अलाइनमेंट (माऊंटचा आस ध्रुवाकडं लावणं) ड्रिफ्ट पद्धतीनं, म्हणजे तारा कुठं सरकतो ते बघून, करतो. पण चित्र गोल फिरलेलं नाही, नुसतं सरकलंय. म्हणून चूक तिथं नसावी असं वाटतं. (शेजारचे काका हरभऱ्यात डुकरांसाठी जागल करतात. त्यांनी टॉर्च मारला की एक फ्रेम गेली. त्याला औषध नाही, चहा पाजतो.)

बजेट दहा-बारा हजार. ३० मिमीचा, १२० फोकल लेंथवाला घेतला तर गाईड कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ६.४ आर्कसेकंदाचा, माझ्या फोटोचा १.५. म्हणजे चौपटीहून जास्त. ५० मिमीचा, २०० वाला घेतला तर ३.९. हिशेबानं ५० बरा. पण सध्याचा ४०० वाला तर १.९ देतो, आणि तारे त्याच्यावरच बिघडले! मग हा हिशेब कितपत धरायचा?

उत्तर:
भाऊ, हिशेब बरोबर आहे, पण तुमचं दुखणं वेगळं आहे. पीएचडी ताऱ्याची जागा पिक्सेलच्या लहानशा अंशापर्यंत पकडतो, त्यामुळं ६०० ला १२० वालाही निभतो. आलेख मात्र गाईड कॅमेऱ्याला जे दिसतं तेवढंच सांगतो. गाईड दुर्बीण रिंगेत हळूहळू मान टाकत असेल, तर पीएचडी इमानदारीनं माऊंट तिच्यामागं ओढतो. आलेख सपाट, फोटो वाया. तीन मिनिटांत तीन-साडेतीन पिक्सेल म्हणजे तुमचा तांदळाचा दाणा.

मी ५० वाला घेईन. हलका, आखूड, आणि दोन घट्ट रिंगांत बसणारा. फाइंडरच्या (तारा शोधायच्या छोट्या दुर्बिणीच्या) एकाच स्क्रूवर लोंबणारा नको. पण पैसे घालण्याआधी एक करा. यूएसबी केबल लोंबते का बघा, मुख्य दुर्बिणीचा फोकसर (कॅमेरा धरणारा, फोकससाठी पुढंमागं सरकणारा नळा) लॉक करा, आणि पुन्हा बारा फ्रेम घ्या. कॅमेऱ्याच्या वजनानं फोकसरही झुकतो, मग नवा गाईड स्कोप काय करील?

मूळ प्रश्नकर्ता:
काल केलं. केबल झिप टायनं माऊंटला बांधली, फोकसर लॉक केला. ४० चे १४ पिक्सेल झाले! आज सकाळी उजेडात ७०/४०० चा फोकसर बोटानं दाबून पाहिला, तर नळा चक्क खालीवर हलतो, अन् मी आठ दिवस स्क्रूच पिळत बसलो. विकायला काढतोय. ५० मिमीवाल्यात आतला नळा न सरकता नुसतं पुढचं भिंग फिरवून फोकस होतो असा कोणी वापरलाय का? थंडीत तो फोकस रात्रभर टिकतो का, तेवढं सांगा.