एल्फ राखणदारीण रान वाचवायला निघते, पण शत्रू कोण दाखवू?

सांजवात:
नमस्कार मंडळी. आम्ही डेन्मार्कला राहतो. नऊ वर्षांच्या लेकीला रोज रात्री मनाने रचलेली गोष्ट सांगते. आल्वा नावाची एल्फ, अ‍ॅशच्या झाडांच्या रानाची राखणदारीण. झाडं शेंड्याकडून वाळायला लागतात, म्हणून ती उपाय शोधायला निघते. दुष्ट जादूगार आणि त्याच्या किल्ल्यातला मणी असं पुढचं ठरवलं होतं. पण गेल्या महिन्यात घरामागच्या वाटेवरचे खरेच अ‍ॅश तोडले. सालीवर पत्त्यांतल्या चौकटीसारखे तपकिरी चट्टे होते. लेकीने विचारलं, "आई, हे कुठल्या जादूगाराने केलं?" तेव्हापासून गोष्ट अडलीय. तिला खोटं सांगायचं नाहीये.

पानगळ:
ती बुरशी आहे, ताई. मी झाडांच्या रोगांवरच काम करतो. युरोपात हा रोग १९९२ च्या सुमारास पोलंडमध्ये दिसला. ब्रिटनमध्ये २०१२ साली सापडला, तोही बाहेरून आणलेल्या रोपांवर. बुरशी मूळची पूर्व आशियातली. तिथल्या मांचुरियन अ‍ॅशच्या पानांवर ती राहते आणि झाडाचं फारसं बिघडत नाही, दोघांची ओळख फार जुनी. युरोपातल्या अ‍ॅशला मात्र ती परकी. गळलेल्या पानांच्या देठांवर उन्हाळ्यात इवल्या पांढऱ्या छत्र्या उगवतात आणि त्यांचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात.
जादूगार काढून टाका. आल्वाला पूर्वेकडे पाठवा. तिथे तिला बुरशी अंगावर घेऊन सुखात उभं असलेलं झाड भेटू दे. रोप घरी न्यायचा मोह होईलच, पण अशा नेलेल्या रोपांनीच तर हे झालं. तिने रिकाम्या हातांनी परतावं. इथे घाई करू नका, गोष्टीतली सगळ्यात अवघड जागा हीच.

दर्यावर्दी:
राखणदारीण हा शब्द अजिबात बदलू नका. आमच्या कोकणात देवराईतली वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत, राखणदार बघतो म्हणून. पण राखणदार आपली जागा सोडत नाही. आल्वा निघाली तर मागे रान कोण राखतं? मुलगी हे विचारणारच.

सांजवात:
विचारलंच! मग इकडच्या जुन्या नॉर्स कथा आठवल्या. विश्वाचं झाड इग्द्रासिल, तेही अ‍ॅशच. खाली नाग मुळं कुरतडतो आणि फांद्या कुजू नयेत म्हणून नॉर्न, म्हणजे नशीब ठरवणाऱ्या बाया, रोज विहिरीचं पाणी नि माती त्यावर शिंपतात. आल्वा त्यांच्यावर रान सोपवून जाते. पण रिकाम्या हातांनी परतल्यावर काय करेल ती?

पानगळ:
स्वतःचंच रान नीट बघेल. थोडी झाडं उपजतच तग धरतात, डेन्मार्कच्या संशोधकांनीही अशी झाडं हेरलीत. भर उन्हाळ्यात ज्याचा शेंडा हिरवागार, त्यावर तिने खूण करावी. शरदात बी गोळा करावं. झुबक्यांनी लटकतं, प्रत्येक बीला एक पंख. मातीत दोन हिवाळे काढल्याशिवाय सहसा रुजत नाही.

सांजवात:
काल सांगितलं. आल्वाने बी पुरल्यावर लेक म्हणाली, "उद्या उगवेल?" म्हटलं, दोन हिवाळ्यांनी. तिने बोटं मोजली. "म्हणजे मी अकराची होईन तेव्हा." वाटेच्या टोकाला एक अ‍ॅश अजून शेंड्यापर्यंत हिरवा आहे. रविवारी तिथे जातोय. पिशवी तिने आजच दाराशी आणून ठेवलीय.