रेट १५०, क्यूआरएस अरुंद: सायनस टॅकी की फ्लटर?

प्रश्न: रुग्ण ६८ वर्षांचे, झोपून आहेत. ईसीजीच्या लीड २ ची (हृदयाकडे बघण्याचा एक कोन) पट्टी, वेग सेकंदाला २५ मिमी. आर-आर (दोन ठोक्यांमधलं अंतर) सगळीकडे १० छोटे चौकोन, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची उंच खूण) २ चौकोन. पी (वरच्या कप्प्यांची छोटी लाट) एकच दिसतो, तोही टीच्या (क्यूआरएसनंतरची लाट) अंगावर. मशीनने ‘सायनस टॅकीकार्डिया’ (हृदयाची नेहमीचीच लय, फक्त वेगवान) छापलंय. विश्वास ठेवावा का?

उत्तर १: नको. मिनिटाच्या पट्टीत १५०० छोटे चौकोन; १५०० भागिले १० म्हणजे १५०, आणि हा आकडा दिसला की आधी फ्लटर शोधायचा. फ्लटरमध्ये एट्रियममध्ये (हृदयाचा वरचा कप्पा) विद्युतलाट मिनिटाला साधारण ३०० वेळा फिरते, एव्ही नोड (वरच्या-खालच्या कप्प्यांमधलं विद्युत फाटक) एकाआड एक ठोका खाली सोडतो. शिवाय वयानुसार कमाल गतीचा अंदाज २२० वजा ६८ म्हणजे १५२. पडल्यापडल्या सायनस एवढ्या वर जायला जबर कारण हवं.

पी दोन क्यूआरएसच्या बरोबर मधोमध आहे का, ते बघा. कॅलिपर (अंतर मोजायचा दोन टोकांचा चिमटा) ५ चौकोनांवर धरून पीपासून पुढे चालवा. टोक क्यूआरएसवर पडलं, तर दुसरी लाट तिथे दडलेली असू शकते. लीड २, ३, एव्हीएफमध्ये (हृदयाला खालून बघणाऱ्या लीड) करवतीचे दाते आणि व्ही१ मध्ये (छातीवरची लीड) टोकदार उभी लाट शोधा.

उत्तर २: मॉनिटरचा ट्रेंडही बघा. सायनस ताप, वेदना, सलाईन यांबरोबर हळूहळू हलतो. फ्लटर १४८-१५० ला चिकटून बसतो.

तरी उलगडलं नाही, तर डॉक्टरांच्या देखरेखीत अ‍ॅडेनोसिन: एव्ही नोड क्षणभर अडवणारं हे औषध कोपराच्या मोठ्या शिरेतून ६ मिग्रॅ झटक्यात, पाठोपाठ २० मिली सलाईन. डिफिब्रिलेटर (शॉक देणारं यंत्र) शेजारी. परिणाम काही सेकंदच टिकतो, म्हणून कागद आधीच चालू करा (नेमकं हेच राहून जातं!). फ्लटर सहसा थांबत नाही, पण क्यूआरएस विरळ झाले की दाते उघडे पडतात. दम्यात टाळा. अनियमित, रुंद क्यूआरएस असेल तर देऊच नका. बीपी कोसळत असेल तर निदानासाठी थांबू नका, सिंक्रोनाइज्ड (क्यूआरएसशी वेळ जुळवलेला) शॉक.

उत्तर ३: उलटी फसगतही होते, फ्लटर नसताना फ्लटर दिसतो. पार्किन्सनचा कंप सेकंदाला ४ ते ६, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०, हुबेहूब फ्लटर! फक्त उजवा हात थरथरत असेल तर लीड १ आणि २ बिघडतात, लीड ३ स्वच्छ राहतो, कारण त्यात उजवा हात नाहीच. दाते क्यूआरएसशी कुठलंच नातं न ठेवता त्यावरून जात असतील तर इलेक्ट्रोड खांद्याजवळ सरकवून पुन्हा काढा, आणि तसं कागदावर लिहा.

प्रश्नकर्ता: वॉर्डात कॅलिपर नाही.

उत्तर १: कोऱ्या कागदाच्या कडेवर पेन्सिलीने खुणा करून तो पट्टीवर सरकवा. तेवढं पुरतं.